शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या पद्मभूषण ताराबाई मोडक

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा विषय निघाला की ज्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते, त्या ताराबाई मोडक यांचे विदर्भाशी दुहेरी नाते होते. लग्नानंतरची त्यांच्या संसाराची वर्षे अमरावतीत गेली, आणि त्यांच्या आयुष्याला खेड्याकडे वळविणारा विचार सेवाग्रामहून आला. देवळीपासून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. तरीही त्या विचाराचे पुढे ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी काय झाले, आणि आपल्या गल्लीतील अंगणवाडीशी त्याचा काय संबंध, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. शाळेत न येणारे मूल, त्यातही न येणारी मुलगी, ही ताराबाईंच्या उत्तरायुष्यातील चिंतेचा विषय होती. त्या मुलीला उपदेश करण्याऐवजी तिच्या न येण्याचे कारण शोधून ते दूर करण्याचा मार्ग त्यांनी धरला. त्यांच्या चरित्रात हीच गोष्ट विशेष अभ्यासण्याजोगी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते. आई उमाबाई या बालविधवा. सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. आज ही माहिती एका वाक्यात सांगता येते. परंतु त्या काळी अशा घराला समाजात किती एकटे पडावे लागे याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. नातलगांचे येणे-जाणे तुटे, पंक्तीला बोलावणे बंद होई, आणि त्याची झळ मुलांपर्यंत पोहोचे. चार जणांत आपण वेगळे आहोत, आपल्याला कोणी जवळ घेत नाही, ही भावना लहान मुलाच्या मनावर काय परिणाम करते, हे ताराबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे वर्गात कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाकडे त्यांचे लक्ष आधी जात असे, त्याचे मूळ कदाचित येथे असावे.

घरात शिक्षणाला मान होता. मुलींनी इंग्रजी शिकणे हीच जेव्हा चर्चेची बाब होती, तेव्हा ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. संसार फार काळ टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहानग्या मुलीला बरोबर घेऊन त्या स्वतंत्रपणे बाहेर पडल्या. त्या दुःखाचे भांडवल त्यांनी कधी केले नाही, तेव्हा इतरांनीही ते करू नये. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. शिक्षिका तयार करणाऱ्या त्या संस्थेत इंग्रज बाईंच्या जागी एका भारतीय स्त्रीची नेमणूक होणे ही त्या वेळी मोठी गोष्ट होती. पगार चांगला, मान चांगला. एकट्या स्त्रीने मुलीसह सुखाने दिवस काढावेत अशीच ती नोकरी होती.

ती त्यांनी सोडली. काठेवाडातच भावनगर येथे श्री दक्षिणामूर्ती ही शिक्षणसंस्था नानाभाई भट्ट चालवीत होते आणि तेथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. भरघोस मिशांच्या या माणसाला गुजरातेत लोक मिशाळ आई या अर्थाच्या नावाने ओळखत, यातच त्यांचे सारे आले. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांनी वाचले होते आणि ते आपल्या मातीत रुजविण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. १९२३ साली ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या. मोठ्या मुलींच्या आणि शिक्षिकांच्या प्राचार्या तीन वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसू लागल्या. सुमारे नऊ वर्षे त्यांनी तेथे काढली.

भावनगरात त्यांना काय मिळाले, हे थोडे सविस्तर पाहावयास हवे, कारण पुढील सारे काम त्यावर उभे आहे. त्या काळच्या शाळेचा पाया भीती हा होता. छडी, अंगठे धरून उभे राहणे, पहिला नंबर, शेवटचा नंबर, बक्षीस आणि शिक्षा यांच्या आधारे वर्ग चालत असे. बालमंदिरात यांतले काहीही नव्हते. मूल आपल्या हाताने पाणी ओतून घेई, सांडले तर स्वतःच पुशी, आपल्या सदऱ्याची बटणे आपणच लावी, ज्या साधनाशी खेळावेसे वाटेल ते उचलून आणी आणि पुन्हा जागेवर ठेवी. शिक्षकाने फार बोलू नये, पाहावे. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नये, कालच्या त्याच्याशीच करावी. आत्मविश्वास ही भाषणाने देण्याची वस्तू नाही; मुलाने स्वतः केलेल्या आणि स्वतःच तडीस नेलेल्या छोट्या छोट्या कामांतून तो साठत जातो, ही समजूत ताराबाईंनी भावनगराहून आणली. मोठ्यांनी मुलाचे काम झटपट उरकून टाकणे हा लाड वाटतो; प्रत्यक्षात त्या लाडाने आपण मुलाला पुन्हा पुन्हा तुला जमत नाही असेच सांगत असतो.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या संघाची शिक्षणपत्रिका गुजरातीत निघे. पुढे तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी नावारूपाला आणली. पालकांसाठी त्यांनी मराठीत सोपे, घरगुती लेखन केले. बालकांचा हट्ट, बिचारी बालके ही त्यांच्या पुस्तिकांची नावेच बोलकी आहेत. हट्टी मूल वाईट असते असे धरून चालणाऱ्या घरांना त्यांनी मुलाच्या बाजूने विचार करावयास लावले.

१९३६ साली ताराबाई मुंबईस परतल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. जोडीला बालशिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर काढले. शिशुविहार नावाजला गेला. सुशिक्षित पालक आपली मुले आवर्जून तेथे घालू लागले. एखाद्याने येथेच समाधान मानले असते. परंतु साधने महाग, जागा महाग, फी देऊ शकणारी घरे थोडी. म्हणजे ही सारी नवी विद्या पोटभर जेवणाऱ्यांच्या मुलांपुरती उरली होती. ही टीका बाहेरच्यांनी करण्यापूर्वी ताराबाईंच्या मनातच ती उभी राहिली होती.

आता वर्ध्याकडे वळावे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, हे या जिल्ह्यातील जाणत्या वाचकांना ठाऊकच आहे. मात्र ती योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सातच्या आतले मूल तिच्या बाहेर राहिले होते. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर गांधीजींनी नई तालीमचा विस्तार जन्मापासून मृत्यूपर्यंत करावयाचे ठरविले आणि जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत पूर्व-बुनियादी शिक्षणाचा विषय पुढे आला. सेवाग्रामातही लहान मुलांची अशी शाळा चालली आणि शांताबाई नारूलकर यांनी तेथील कामाला आकार दिला. गांधीजींचा आग्रह साधा होता. जे शिक्षण सात लाख खेड्यांतील सर्वांत गरीब मुलाला परवडणार नाही, ते त्यांना नको होते. माँटेसरींची गुळगुळीत लाकडी साधने त्या कसोटीला उतरत नव्हती.

ताराबाईंनी ते आव्हान स्वीकारले तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. त्या काळच्या मानाने हे विश्रांतीचे वय. १९४५ च्या अखेरीस त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) डहाणूजवळच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डीस आचार्य भिसे यांच्यासारखा शिक्षणाला वाहिलेला माणूस होता, त्यांचा आधार मिळाला. आणि याच वर्षी त्यांना अनुताई वाघ ही सहकारी लाभली. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला होता आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. शिक्षिका होऊन त्यांनी स्वतःला उभे केले होते. एक बालविधवेची मुलगी आणि एक बालविधवा, अशा या दोघींनी मिळून पुढची अठ्ठावीस वर्षे एकच काम केले.

बोर्डीत बालवाडी उघडली. जागा स्वच्छ, शिक्षिका तयार, पैशाची मागणी नाही. तरीही ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. गावातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले आली. दलित वस्तीतील, ज्याला त्या वेळी हरिजनवाडा म्हणत, मुले आली नाहीत. आईबाप सकाळीच मजुरीला जात. मुलाला आंघोळ घालून, कपडे घालून, बालवाडीपर्यंत पोहोचवणार कोण? शिवाय इतरांच्या मुलांत आपले मूल बसू देतील काय, ही शंका होतीच, आणि ती निराधार नव्हती. अशा वेळी संस्था चालविणारे लोक बहुधा एक वाक्य बोलून मोकळे होतात, की या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. आजही ते वाक्य ऐकू येते. ताराबाईंनी ते म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला.

मग शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढील अंगण झाडून घ्यावयाचे, सडा टाकावयाचा आणि तेथेच बसावयाचे. पहिल्या दिवशी चार मुले दुरून पाहत, दुसऱ्या दिवशी जवळ येत. आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, नाक पुसणे हे सारे शिक्षणाच्या आधीचे काम न राहता शिक्षणाचाच भाग झाले. मूल आधी शिक्षिकेच्या हातून नाहत असे, मग आपले आपण नाहू लागे, मग धाकट्याला नाहू घाली. साधने म्हणाल तर समुद्रकाठचे शिंपले, चिंचोके, खडे, करवंट्या, बांबूचे तुकडे, झाडांची पाने, माती. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-मऊ हा जो फरक माँटेसरींच्या पेटीत लाकडाने शिकविला जाई, तो येथे शिंपल्यांनी आणि पानांनी शिकविला जाऊ लागला. खर्च जवळजवळ शून्य. आणि मुख्य म्हणजे ती साधने मुलांना परकी नव्हती. ज्या वस्तू त्यांच्या पायांखाली रोज होत्या, त्याच शाळेत मानाने ठेवल्या गेल्या. आपल्या घरात जे आहे ते शिकण्याजोगे आहे, ही जाणीव गरिबाच्या मुलाला फार मोठा धीर देते.

गावातील मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतील ही अंगणात भरणारी बालवाडी असे कामाचे दोन प्रकार झाले. दुसऱ्या प्रकाराला अंगणवाडी हे नाव पडले. आज सरकारी कागदांत, निवडणुकीच्या भाषणांत आणि सेविकांच्या मोर्च्यांच्या बातम्यांत आपण जो शब्द रोज वाचतो, तो असा एका हरिजनवाड्याच्या अंगणात जन्माला आला आहे. वस्तीतील मुलांची भीड चेपल्यावर त्यांना मध्यवर्ती बालवाडीत आणणे सोपे झाले. सर्व जातींची मुले एका ओळीत बसून खाऊ लागली. याला विरोध झाला नाही असे नाही; परंतु ज्या आईने आपल्या मुलात पडलेला फरक पाहिला, ती हळूहळू विरोध विसरत गेली.

बोर्डीपासून जवळच कोसबाडची टेकडी आहे. भोवती वारली समाजाचे पाडे. या भागाचा त्या वेळचा इतिहास मन विषण्ण करणारा आहे. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या, वारल्यांवर वेठबिगार लादलेली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या अन्यायाविरुद्ध उठाव केला होता. वेठ संपली तरी पोटाची वेठ संपली नव्हती. १९५७ साली ताराबाईंनी आपले केंद्र बोर्डीहून कोसबाडला हलविले. वय पासष्ट. रस्ते नाहीत, वीज नाही, पाण्याची अडचण. वारली बोली वेगळी, पुस्तकातील मराठी तिला परकी. बाहेरच्या माणसावर विश्वास ठेवावा असे वारल्यांच्या अनुभवात काही नव्हते; कातडीच्या चपला घालून पाड्यावर येणारा माणूस काही तरी नेण्यासाठीच येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सरकारी प्राथमिक शाळा त्या भागात होत्या. पटावर नावेही असत. मुले मात्र नसत, आणि मुली तर नसतच. ताराबाई आणि अनुताई यांनी पाड्यापाड्यांवर फिरून याची कारणे पाहिली. सात-आठ वर्षांचा मुलगा उजाडताच गुरे घेऊन रानात जातो, दिवस मावळता परततो. त्याच वयाच्या मुलीच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचे भावंड असते. आई मजुरीला किंवा लाकडे आणण्यास गेलेली. ही मुलगी घर राखते, पाणी भरते, भावंडाला खेळवते. ती शाळेत आली तर बाळाचे काय? आणि बाळ घेऊन आली, तर मास्तर तिला दारातूनच परत पाठवितात, कारण बाळ रडते आणि वर्ग मोडतो. म्हणजे शाळेचे दार तिच्यासाठी कोणी मुद्दाम बंद केलेले नव्हते. ते तिच्या कडेवरच्या बाळामुळे आपोआप बंद झाले होते. आपल्या विदर्भातील वाचकांना हे चित्र नवे वाटणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या मुली वर्गात नसत आणि का नसत, हे देवळी परिसरातील कोणताही जुना शिक्षक सांगू शकेल.

यावर कोसबाडला जो उपाय झाला, तो ऐकावयास इतका साधा आहे की तो आधी कोणाला कसा सुचला नाही, याचे नवल वाटते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. या योजनेला विकासवाडी असे नाव देण्यात आले. मुलगी भावंडाला घेऊनच यावयाची. तान्हे असेल तर ते पाळणाघरात, तीन वर्षांचे असेल तर बालवाडीत, आणि ती स्वतः शाळेच्या वर्गात. बाळ रडले तर ती उठून जाऊन त्याला पाहून येऊ शके. त्यासाठी कोणी रागे भरत नसे. शाळेत असे फिरू देणे शिस्तप्रिय तपासनिसांना कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येईल! परंतु पोर सुरक्षित आहे हे डोळ्यांनी दिसल्यावरच त्या मुलीचे मन पाटीवर स्थिर होत असे. ज्या जबाबदारीमुळे ती शाळेबाहेर होती, तीच जबाबदारी शाळेने मान्य केली आणि आपल्या अंगावर घेतली.

याचा आणखी एक परिणाम झाला, तो विचारात घेण्यासारखा आहे. घरी भावंडे सांभाळणारी ही मुलगी आतापर्यंत शाळेच्या दृष्टीने मागासलेली, अडाणी अशी होती. विकासवाडीत मात्र मूल कसे घ्यावे, त्याला कसे शांत करावे, त्याच्याशी काय बोलावे, हे तिला चांगले येते ही गोष्ट सर्वांसमोर आली. तिचे हे जाणतेपण शाळेच्या उपयोगाचे ठरले. बालवाडीतील लहानांना गाणे म्हणून दाखविणे, हात धुऊन देणे, रांगेने बसविणे, ही कामे मोठ्या मुली आनंदाने करीत. ज्या मुलीने कधी परक्या माणसासमोर तोंड उघडले नव्हते, तिला प्रथम बोलते केले ते लहान मुलांनी, मोठ्यांनी नव्हे. पुढे स्थानिक स्त्रियांनाच बालसेविका म्हणून तयार करण्याचे काम कोसबाडने हाती घेतले. पाड्यावरचीच बाई शिकवू लागली की भाषेची भिंत राहत नाही, आणि मुलींना आपल्यातीलच एक शिक्षिका डोळ्यांसमोर दिसते.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी वेगळी युक्ती होती. गुरे सोडून मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळा कुरणात भरवावी. तिला कुरणशाळा म्हणत. शिक्षक गुराख्यांबरोबर रानात जाई. गवताच्या काड्या मोजणे, सावलीवरून वेळ ओळखणे, पक्षी, झाडे, दगड यांची नावे आणि गुण, जमिनीवर काठीने अक्षरे काढणे, असा तेथला अभ्यास. जनावरे चरत राहत आणि शिकणेही चाले. थोरांसाठी रात्रीचे वर्ग होते. भाषेच्या बाबतीतही तोच न्याय. मुलाच्या वारली शब्दाला हसावयाचे नाही, तो चुकीचा ठरवावयाचा नाही. आधी शिक्षिकेने तो शिकावयाचा आणि मग त्याच्या शेजारी पुस्तकी शब्द ठेवावयाचा. घरच्या बोलीला वर्गात हसे झाले की मूल गप्प बसते, आणि एकदा गप्प बसलेले मूल वर्षानुवर्षे गप्पच राहते. वऱ्हाडी बोलणारी किती तरी मुले शहरातील शाळेत गेल्यावर अशीच गप्प झालेली आहेत. तेव्हा हा अनुभव केवळ आदिवासी मुलांचा मानण्याचे कारण नाही.

सारेच यशस्वी झाले असे म्हणणे चरित्रनायिकेवर अन्याय करणारे होईल, कारण अतिशयोक्ती त्यांना मानवत नसे. पेरणीच्या दिवसांत शाळा ओस पडत. कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी बाहेर जात. मोठ्या झालेल्या मुलींची शाळा लग्नाने तुटे. पैशाची चणचण कायमची होती. कुरणशाळेसारखा प्रयोग चालविण्यास लागणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळत. सरकारी अनुदानाचे नियम चार भिंतींच्या शाळेसाठी केलेले. झाडाखाली बसणाऱ्या वर्गाची नोंद कोणत्या रकान्यात करावी, असा प्रश्न पडे.

दोन शब्द आजच्या स्थितीविषयी. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला शारीरिक वा मानसिक शिक्षा करण्यास आणि प्रवेशाच्या वेळी त्याची चाळणी परीक्षा घेण्यास त्याने मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एक सलग पायाभूत टप्पा मानला. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांना जोडणारा हा विचार कोसबाडच्या आवारात कित्येक वर्षे आधीच अमलात होता. असे असूनही तालुक्याच्या गावोगावी तीन वर्षांच्या मुलाला गळपट्टा बांधून इंग्रजी अक्षरे घोटावयास बसविणारे वर्ग निघाले आहेत आणि त्यांनाच आपण चांगली शाळा म्हणतो. घरात मुलगा आणि मुलगी असतील तर अशा फीच्या शाळेत कोण जाते आणि फुकटच्या शाळेत कोण जाते, हे ज्याने त्याने आपल्या आसपास पाहावे. संमेलनात मुलींचा नाच बसविला की त्यांना प्रोत्साहन दिले, असे मानणाऱ्या संस्थांचीही उणीव नाही. वर्षभर मागच्या बाकावर बसलेल्या मुलीला एका दिवसाच्या रंगमंचाने काय मिळत असेल, हा प्रश्न ताराबाईंनी नक्कीच विचारला असता.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. बालशिक्षणाचा विषय शासनदरबारी नेणे त्यामुळे शक्य झाले, तरी सत्तेत त्या रमल्या नाहीत. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्या वेळी त्या कोसबाडच्या टेकडीवरच राहत होत्या. प्रकृती साथ देत नव्हती, तरी नव्या शिक्षिकांना तयार करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. काटकसर त्यांच्या अंगात मुरलेली होती. स्वभाव स्पष्ट, प्रसंगी कडक. मुलांपुढे मात्र त्या कडक होऊ शकत नसत. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. सहा वर्षांखालील मुलांचा आहार, आरोग्य आणि शाळेपूर्वीचे शिक्षण एकाच ठिकाणी आणणाऱ्या त्या केंद्रांना अंगणवाडी हे बोर्डीतील नाव मिळाले. पुढे ती योजना देशभर पसरली. देवळी तालुक्यातील गावांतही तिच्या अंगणवाड्या भरतात. त्यांपैकी किती ठिकाणी मुलाच्या हातात शिंपला किंवा चिंचोका दिला जातो आणि किती ठिकाणी केवळ खिचडी वाटून नोंदवही भरली जाते, हे सेविकेला मिळणारे मानधन आणि तिच्यावर लादलेली इतर कामे पाहिल्याशिवाय ठरविणे योग्य नव्हे.

कोसबाडचा भार ताराबाईंच्या मागे अनुताईंनी उचलला. त्यांना १९८४ साली पद्मश्री मिळाली आणि १९८५ साली, वर्ध्याला आपली कर्मभूमी मानणाऱ्या जमनालालजींच्या नावाचा जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. आपल्या आठवणी त्यांनी कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. दृष्टी अधू झाली तरी त्यांचे काम चालूच होते. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचे निधन झाले. तोवर, भावंड कडेवर घेऊन विकासवाडीत प्रथम आलेल्या त्या मुली स्वतः आया झाल्या होत्या.